एलियाहू, इलियास, एलीया, एलोजी

अलिबागकडच्या बेने इस्रायल यहुद्यांच्या घरात मलिद्याच्या ताटापुढे ज्याचं नाव घेऊन नवस फेडतात, तो एलियाहू हनाबी. मालेगाव-भिवंडीच्या मोहल्ल्यात मुलाचं नाव इलियास ठेवतात, ते कुराणातल्या पैगंबरावरून. मराठी प्रोटेस्टंट कुटुंबातलं बायबल उघडलं तर तोच माणूस एलीया म्हणून भेटतो. वसई-गोव्याच्या कॅथलिकांत तो एलियास होतो. २०१८ मध्ये नागपूरचे आर्चबिशप झालेले एलियास गोन्साल्विस त्याच नावाचे. चार समाज, चार उच्चार आणि मूळ माणूस एकच. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्रायलच्या उत्तरेकडच्या राज्यात अहाब राजाला जाब विचारणारा हा संदेष्टा.

हे चारही उच्चार मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी आहेत, पण ते चार वेगळ्या वाटांनी इथवर आले. कोणता उच्चार कुठून आला, हे बहुतेक वेळा नावाच्या शेवटावरूनच कळतं. शेवटी ‘याहू’ असेल तर वाट हिब्रूची. शेवटी ‘स’ असेल तर मध्ये कुठेतरी ग्रीक भाषा लागलेली आहे. आणि एलोजीसारखा शेवटी ‘जी’ असेल तर वाट कोकणातून गेली आहे. या लेखात त्या वाटांचा आढावा घेतला आहे.

आधी मूळ हिब्रू रूप पाहू. ‘एल’ म्हणजे देव, ‘एली’ म्हणजे माझा देव आणि ‘याहू’ हे इस्रायलच्या देवाच्या चार अक्षरी नावाचं आखूड रूप. यशया, यिर्मया या संदेष्ट्यांच्या हिब्रू नावांच्या शेवटी तेच आहे आणि वर्तमानपत्रांतून रोज वाचनात येणाऱ्या नेतान्याहू या नावातही तेच. तेव्हा एलियाहू म्हणजे ‘माझा देव याहू’. आज ऐकायला हे साधं भक्तीचं नाव वाटतं. त्या काळी तो एका भांडणातला पक्ष होता.

अहाबाची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी, आणि तिच्या बापाच्या एथबआल या नावातच बआल हा देव बसलेला. तिच्याबरोबर बआलाची उपासना राजवाड्यात आली. पाऊस देणारा देव कोण, बआल की याहू, असा तो वाद होता. ‘राजे’च्या पहिल्या पुस्तकात गिलादमधला एलियाहू तिश्बी कुठल्याही प्रस्तावनेशिवाय राजापुढे उभा राहतो आणि माझ्या शब्दाशिवाय पाऊस पडणार नाही असं सांगून निघून जातो. दुष्काळ पडतो. कावळे त्याला भाकरी आणून देतात. सारफथच्या विधवेच्या घरचं पीठ आणि तेल सरत नाही. शेवटी कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर त्याच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरतो आणि जमलेले लोक ओरडतात की याहवे हाच देव. त्याच्या नावात जे सांगितलेलं आहे तेच लोक त्या डोंगरावर ओरडले. कथा रचणाऱ्याने हे जाणून केलं असणार याबद्दल मला शंका नाही.

या प्रसंगाला एक बाजू अशी आहे जी प्रवचनांत फारशी येत नाही. ज्या अहाबाला बायबल बआलाचा भक्त म्हणून दोष देतं, त्याच्या मुलांची नावं अहज्या आणि यहोराम. अथल्या ही त्याच घराण्यातली. तिन्ही नावांत याहू आहे. म्हणजे राजाने मुलांची नावं ठेवताना जुन्या देवाला सोडलेलं नव्हतं. दोन्ही देवांना सांभाळून राहणारं ते घर होतं आणि एलियाहूची तक्रार नेमकी त्या सांभाळून राहण्याबद्दल होती. १९१० मध्ये शोमरोनच्या उत्खननात सापडलेल्या खापरांवरही हेच दिसतं. तेल आणि द्राक्षारसाच्या हिशेबाची ही खापरं अहाबानंतर साधारण शतकभराने लिहिलेली आहेत. त्यांत बआल असलेली आणि याहूचं उत्तरेकडचं रूप ‘याव’ असलेली नावं एकाच कारभारात शेजारीशेजारी येतात. लोक मुलांची नावं ठेवत होते आणि त्या नावांतून आपली निष्ठा, किंवा दुहेरी निष्ठा, नोंदवत होते.

बायबलमध्ये या नावाचे आणखीही काही जण आहेत. बन्यामीन वंशातला एक, एज्राच्या काळातला एक याजक आणि त्याच यादीतला आणखी एक. त्यांच्याबद्दल नावापलीकडे काही कळत नाही. नाव चालतं ठेवलं ते तिश्बीनेच, आणि त्याचं कारण त्याच्या शेवटात आहे. त्याला मरण नाही. अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे येतात, वावटळीत तो वर जातो, खाली अलीशाच्या हाती त्याचा झगा राहतो. पुढे मलाखीच्या पुस्तकात देव सांगतो की तो मोठा दिवस येण्याआधी मी एलियाहूला पाठवीन. ज्याची कबर नाही आणि जो परत यायचा आहे, अशा माणसाचं नाव कोणत्याही काळात जुनं होत नाही. माझ्या मते या नावाच्या साऱ्या प्रसाराचं मूळ इथे आहे. ‘माझा देव याहू’ हा अर्थ ग्रीक, अरबी, रशियन किंवा मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसाला ठाऊक नव्हता. गोष्ट ठाऊक होती. पाऊस अडवणारा, पाऊस आणणारा, आगीच्या रथात बसून गेलेला आणि कधीही दारात उभा राहील असा माणूस लोकांना ठाऊक होता, आणि ज्या समाजाला यातलं जे हवं होतं ते त्याने उचललं.

ख्रिस्तपूर्व काळातच अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी आपले ग्रंथ ग्रीकमध्ये आणले, तेव्हा एलियाहूचं ‘एलिऊ’ झालं. ग्रीक लिपीत ‘ह’साठी शब्दाच्या मध्ये अक्षर नव्हतं, त्यामुळे ‘याहू’तला ‘ह’ तिथेच गळला. नव्या करारात रूप आणखी बदलून ‘एलियास’ झालं. ग्रीक व्याकरणात पुरुषाचं नाव विभक्तीत चालवायला शेवटी ‘स’ सोयीचा असतो, म्हणून तो लागला. लॅटिनने तो तसाच घेतला आणि लॅटिनमधून पश्चिम युरोपात तो सगळीकडे गेला. वसईचा एलियास हा त्या ग्रीक ‘स’चाच वंशज, पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेला.

नव्या करारात या नावाभोवती एक फार हृद्य प्रसंग आहे. क्रुसावर येशू ‘एली, एली’ अशी हाक मारतो, म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा. खाली उभे असलेले काही जण म्हणतात, हा एलियाला बोलावतो आहे. नावाच्या पहिल्या अर्ध्या भागात देवाची हाक आहे, म्हणूनच ही गफलत होऊ शकली. आणि संकटात सापडलेला माणूस एलियाला हाक मारतो अशी समजूत तेव्हाच रुजलेली होती, हेही त्यातून कळतं.

ग्रीकमध्ये आणखी एक योग जुळला. सूर्याला ग्रीकमध्ये ‘हेलिओस’ म्हणतात. जुन्या ग्रीक बायबलमधलं या संदेष्ट्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं तर ‘सूर्याचा’ या शब्दाची अक्षरं आणि ही अक्षरं तंतोतंत एक होतात. पाचव्या शतकातल्या सेडुलियस या लॅटिन ख्रिस्ती कवीला हे साम्य खुणावलं होतं. अग्नीच्या रथात जाणाऱ्या माणसाचं नाव सूर्यासारखं असावं, हे त्याला शोभून दिसलं. पुढे एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासक फार लांब गेले. ग्रीसमध्ये जवळजवळ प्रत्येक भागात एखाद्या डोंगरमाथ्यावर ‘प्रोफितिस इलियास’चं पांढरं चॅपल असतं, टायगेटस रांगेतल्या २,४०० मीटरहून उंच शिखराचं नावच ते आहे. हे सगळे माथे आधी सूर्यदेवाचे होते आणि ख्रिस्ती धर्म आल्यावर नुसतं नाव बदललं, असा सिद्धांत मांडला गेला. तो ऐकायला इतका सुबक आहे की प्रवासवर्णनांतून अजूनही येत राहतो. पण प्राचीन ग्रीसमध्ये डोंगरमाथे मुख्यतः झ्यूसचे, पावसाच्या आणि विजेच्या देवाचे होते. हेलिओसची उपासना फारशी व्यापक नव्हती. शिवाय कर्मेल, होरेब, अग्नी, ढग हे सगळं एलियाहूच्या मूळ गोष्टीतच डोंगरावर घडतं. त्याला माथ्यावर बसवायला सूर्याची मध्यस्थी लागत नाही.

विजेचा धागा मात्र खरा आहे आणि तो स्लाव्ह प्रदेशात ठळक दिसतो. तिथे नाव इल्या, इलिया. कीव्हच्या राजाने बायझंटियमशी दहाव्या शतकाच्या मध्यास जो तह केला, त्याच्या शपथविधीचं वर्णन रशियाच्या सर्वात जुन्या बखरीत आहे. मूर्तिपूजक योद्ध्यांनी पेरून या गर्जनेच्या देवासमोर शस्त्रं ठेवून शपथ घेतली आणि जे ख्रिस्ती होते त्यांनी कीव्हमधल्या संत एलियाच्या चर्चमध्ये. दोघे एकाच वेळी एकाच गावात. पुढे पेरूनचा पुतळा गेला आणि गर्जनेचं खातं इल्याकडे आलं. मेघ गडगडले की इल्याचा रथ आकाशातून चालला, असं रशियन खेड्यांत म्हणत. त्याच्या सणानंतर, म्हणजे आजच्या २ ऑगस्टनंतर, नदीत पोहायचं नाही असा दंडक होता. सर्बियात त्याला थेट ‘गर्जणारा’ म्हणतात. कॉकेशसमधल्या ओसेत लोकांचा वीज आणि पिकांचा देव ‘उआसिल्ला’, त्याच्या नावातही हाच इलिया आहे. २ ऑगस्ट ही तारीख मॅसेडोनियाच्या राजकारणात आणखी मोठी झाली. १९०३ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्धचा उठाव त्या दिवशी झाला आणि त्याला ‘इलिंदेन’, एलियाचा दिवस, असंच म्हणतात.

रशियन नावांत बापाचं नाव मध्ये येतं, त्यामुळे इल्या आणखी पसरला. लेनिनचं नाव व्लादिमिर इल्यीच, संगीतकार चायकोव्हस्की प्योत्र इल्यीच आणि टॉलस्टॉयने १८८६ मध्ये ज्याचं मरण लिहिलं तो इवान इल्यीच. तिघांच्या बापांची नावं इल्या. इवान इल्यीच वाचणाऱ्या किती मराठी वाचकांना हे जाणवतं की त्या सामान्य न्यायाधीशाच्या नावाच्या मध्यभागी ज्याला मरण नाही तो संदेष्टा आहे? टॉलस्टॉयने हे मुद्दाम योजलं असं म्हणणं धाडसाचं होईल, कारण नाव रशियात अगदी रोजचं होतं. पण एकदा कळल्यावर ते डोक्यातून जात नाही.

अरबीतला इलियास कुराणात दोन सूरांत येतो. सहाव्या सूरेत पैगंबरांच्या यादीत आणि सदतिसाव्या, अस-साफ्फातमध्ये त्याची गोष्ट थोडक्यात. तिथे तो आपल्या लोकांना विचारतो की तुम्ही बआलाला हाक मारता आणि सर्वोत्तम निर्मात्याला सोडता? बआल हे नाव तिथे स्पष्ट आहे. म्हणजे कर्मेलवरचा मूळ वाद अरबी ग्रंथात शाबूत राहिला आहे. नावाच्या शेवटचा ‘स’ मात्र हिब्रूतला नाही. तो ग्रीक वळणाचा आहे आणि अरबस्तानात तो पूर्वेकडच्या ख्रिस्ती समाजांमार्फत पोचला असावा. काही ओळींनंतर त्याच सूरेत ‘इल यासीन’ असं रूप येतं आणि त्याच्या वाचनाबद्दल भाष्यकारांनी पुष्कळ चर्चा केली आहे. अरब देशांतल्या ख्रिस्ती लोकांतही इलियास फार प्रिय. लेबनॉनचे दोन राष्ट्राध्यक्ष, सार्किस आणि ह्रावी, इलियास नावाचे.

आपल्या उपखंडात हे नाव राज्यकर्त्यांबरोबर आलं. चौदाव्या शतकात बंगालची स्वतंत्र सल्तनत घडवणारा शमसुद्दीन इलियास शाह आणि त्याचं इलियासशाही घराणं हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच बंगालीत पुढे अख्तरुज्जमान इलियास (१९४३–१९९७) हा थोर कादंबरीकार झाला.

इस्लामी जगात इलियासच्या जोडीला आणखी एक अमर पुरुष असतो, खिज्र. पाण्याचा, हिरवाईचा, वाट चुकलेल्यांना भेटणारा. दोघे वर्षातून एकदा भेटतात, अशी लोकसमजूत. तुर्कस्तानात त्या भेटीच्या दिवशी, ६ मे रोजी, वसंताचा सण होतो आणि त्याच्या ‘हिदिरेल्लेझ’ या नावात हिदिर म्हणजे खिज्र आणि इलियास हे दोघे एकजीव झाले आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने हा सण सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. बाल्कनमधले रोमा तोच सण ‘एदेरलेझी’ म्हणून करतात. १९८८ च्या ‘टाइम ऑफ द जिप्सीज’ या चित्रपटामुळे त्या नावाचं गाणं जगभर गेलं. रोमा लोकांची भाषा भारतातून गेलेली, मराठी-हिंदीच्या कुळातली. हिब्रूतून ग्रीक, ग्रीकमधून अरबी, अरबीतून तुर्की आणि तिथून पुन्हा एका भारतीय कुळाच्या भाषेत, असा हा उच्चार फिरला आहे. ‘एदेरलेझी’त एलियाहू ओळखू येणं कठीण, पण तो आहे.

पश्चिमेकडे जुन्या फ्रेंचमध्ये एलियासचं एली झालं. इंग्लंडात नॉर्मनांबरोबर ते रुजलं आणि त्यातून एलिस आणि एलियट ही आडनावं निघाली. कवी टी. एस. एलियटच्या आडनावाची व्युत्पत्ती बहुधा हीच, आणि मेरी ॲन एव्हन्सने घेतलेल्या जॉर्ज एलियट या टोपणनावातलंही ते. बहुधा म्हणतो, कारण काही एलियट घराणी जुन्या इंग्रजी नावांतूनही आलेली आहेत. तसंच दिसणारं प्रत्येक नाव या कुळातलं धरू नये. शमुवेलला वाढवणारा एली याजक वेगळा, त्याचं हिब्रू नाव दुसऱ्याच अक्षराने सुरू होतं. एली वीझेल हे लेखक मुळात एलियेझर, आणि अलीशा तर चेल्याचं नाव.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये एक गंमतीची स्थिती आहे. जुन्या करारात संदेष्टा ‘एलायजा’ आहे, कारण तिथे भाषांतर हिब्रूवरून झालं. नव्या करारात तोच माणूस ‘एलियास’ आहे, कारण तिथे समोर ग्रीक होतं. एका जिल्दीत एका माणसाची दोन नावं, आणि साधा वाचक ती दोन माणसं समजू शकेल अशी. ‘एलायजा’तला ‘ज’ हाही इतिहासाने आलेला: ते अक्षर लॅटिन परंपरेत ‘य’साठी होतं, इंग्रजीत त्याचा उच्चार बदलला आणि देवाच्या नावातला ‘य’ ‘ज’ होऊन बसला. प्युरिटन पंथाने जुन्या करारातली नावं आवर्जून उचलली, तेव्हा एलायजा अमेरिकेत गेला. गुलामगिरीविरुद्ध लिहिल्यामुळे १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या आल्टन गावी जमावाने मारलेला संपादक एलायजा लव्हजॉय. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भक्तिगीतांत हा अग्निरथ सुटकेचं वाहन झाला. ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’मागे तीच प्रतिमा आहे. राजाला तोंडावर जाब विचारणारा, नाबोथाचा मळा बळकावणाऱ्याला खुनी म्हणणारा संदेष्टा त्या समाजाला आपला वाटणं अगदी साहजिक होतं. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत नव्या मुलांच्या नावांत एलायजा पहिल्या दहांत असतो.

जर्मनांनी एलियास धरून ठेवला. मेंडेल्सोनची संगीतरचना १८४६ मध्ये बर्मिंगहॅमला ‘एलायजा’ म्हणून गायली गेली आणि जर्मनीत तीच ‘एलियास’. फिनलंडचं ‘कालेवाला’ संपादणारा एलियास ल्योनरोत. निबंधकार चार्ल्स लॅम, मराठी लघुनिबंधाच्या चर्चेत ज्याचं नाव हमखास येतं, त्याने ‘एलिया’ हे टोपणनाव साउथ सी कंपनीच्या कचेरीतल्या एका इटालियन कारकुनाकडून घेतलं. आणि अलास्का-कॅनडाच्या सीमेवर ५,४८९ मीटर उंचीचं माउंट सेंट एलियास उभं आहे. बेरिंगच्या मोहिमेने १७४१ मध्ये एलियाच्या सणाच्या दिवशी तिथल्या एका भूशिराला त्याचं नाव दिलं, ते पुढे शिखराला लागलं.

यहुद्यांनी स्वतः हे नाव कसं वापरलं, ते पाहताना नावापेक्षा माणसाची हजेरी जास्त जाणवते. सुंतेच्या वेळी एलियाहूची खुर्ची ठेवतात. वल्हांडणाच्या जेवणात त्याचा पेला भरतात आणि दार उघडतात. शब्बाथ संपताना त्याचं गाणं म्हणतात. तालमूदमध्ये जिथे वाद सुटत नाही तिथे ‘तेकू’ असा शेरा येतो, आणि परंपरा सांगते की याचा अर्थ तिश्बी येऊन हे कोडं सोडवील. आधुनिक हिब्रूत सामना बरोबरीत सुटला की त्यालाही ‘तेकू’ म्हणतात. सोळाव्या शतकातला व्याकरणकार एलियाहू लेवीता याने आपल्या शब्दकोशाला ‘तिश्बी’ नाव दिलं आणि त्यात बरोबर ७१२ शब्द घेतले, कारण तिश्बी या शब्दाच्या अक्षरांची बेरीज ७१२ होते. स्वतःच्या नावाच्या संदेष्ट्याला कोशकाराने वाहिलेली याहून नेटकी ओंजळ मला माहीत नाही. अठराव्या शतकात विल्नाचा महापंडित एलियाहू झाला आणि लिथुआनियाच्या यहुद्यांत हे नाव आणखी मानाचं ठरलं.

भारतात सिरियन ख्रिस्ती परंपरेने हे नाव केरळात जपलं. २०१४ मध्ये संतपद मिळालेले कुरियाकोस एलियास चावरा केरळातल्या एका कार्मेलाईट संघाचे सहसंस्थापक, आणि कार्मेलाईट आपली परंपरा थेट कर्मेल डोंगरावरच्या एलियापासून मानतात. महाराष्ट्रातल्या कार्मेल कॉन्व्हेंटच्या पाट्यांमागचा डोंगरही तोच. अँटिओकचे सिरियन कुलपती इग्नातियस एलियास तिसरे केरळात आले असताना १९३२ मध्ये मंजिनिक्करा इथे वारले. दर फेब्रुवारीत दूरदूरून लोक पायी त्यांच्या कबरीकडे जातात.

पण मराठी वाचकाने ज्याच्याकडे सर्वात जवळून पाहावं ते रूप कोकणातलं आहे. अलिबाग-नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचे वंशज आपण, असं बेने इस्रायल सांगतात. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’. गावावरून दिवेकर, पेणकर, केहिमकर, राजपूरकर अशी आडनावं. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली गेली, तरी ‘शेमा’ ही एकेश्वराची ग्वाही तोंडी राहिली, आणि राहिला एलियाहू हनाबी. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातलं खंडाळा वेगळं) एका खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत अशी समाजाची श्रद्धा. स्वर्गात जाताना रथ तिथे टेकला, म्हणतात. शेवाट महिन्यातल्या वृक्षांच्या सणाला बेने इस्रायल ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ म्हणत आले.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, सुकामेवा हे सगळं कालवून ताटात रचलेला ढीग, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. लग्नाआधी, नव्या घरात, मुलगा झाल्यावर, परदेशी निघताना, आजारातून उठल्यावर हे ताट मांडतात, हिब्रू प्रार्थना म्हणतात, एलियाहूचं गाणं होतं आणि मग ज्याचं फळ त्याचा आशीर्वाद म्हणून वाटणी. मलिदा हा शब्द फारसी, दर्ग्यावर चढवतात तोही मलिदाच. उरूस हाही पिराच्या जत्रेचा शब्द. त्यामुळे बेने इस्रायलांनी शेजारच्या पीरभक्तीवरून एलियाहू घडवला, असं काही अभ्यासक म्हणतात. मला हे अर्धं पटतं. ताट, नवस, उरूस ही भाषा शेजारची आहे, यात वाद नाही. पण दारात येणारा, आईबापाला मूल देणारा, वाटेवर राखणारा एलियाहू जगभरच्या यहुद्यांच्या घरात आधीपासून होता. कोकणाने त्याला पोहे दिले, नारळ दिला आणि मराठी नवस दिला.

आणि ‘जी’ दिला. जुन्या बेने इस्रायलांत शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी आणि एलियाहूचा एलोजी. मुंबईचं पहिलं सिनगॉग १७९६ मध्ये बांधणारे समाजी हसाजी दिवेकर. त्यांच्या नावात दोन संदेष्टे आणि एक कोकणी गाव आहे. एलोजीत हिब्रू ‘एल’ जागेवर आहे. देवाचं नाव ‘याहू’ मात्र गेलं आणि त्या जागी शिवाजी-संभाजीतला आदरार्थी ‘जी’ बसला. जगातल्या साऱ्या रूपांत इतकं आपलंसं केलेलं रूप मला दुसरं दिसत नाही. ग्रीकांनी नुसतं व्याकरणापुरतं शेपूट लावलं, इथे माणसाला मान दिला.

एकोणिसाव्या शतकात हे बदललं. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, मिशनच्या आणि पुढे समाजाच्या स्वतःच्या शाळा आल्या, हिब्रू परतली. पण नावं परतली ती इंग्रजी बायबलमधून. समाजीचा सॅम्युएल झाला, हसाजीचा इझिकेल, एलोजीचा एलायजा. इस्रायलला गेलेल्या पिढीत पुन्हा एलियाहू आला. दोनशे वर्षांत नाव फिरून मूळ हिब्रूवर पोचलं, पण मधलं मराठी रूप गळलं.

बगदादहून आलेल्या यहुद्यांचा मुंबईतला व्यवहार वेगळा. काळा घोड्याजवळचं निळं सिनगॉग, १८८४ मध्ये जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ उभारलेलं आणि दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा उघडलेलं, त्याचं नाव ‘केनेसेथ एलियाहू’. ते वडील धंद्यात एलियास डेव्हिड ससून म्हणून ओळखले जात, ई. डी. ससून कंपनीतला ‘ई’ तोच. पेढीत ग्रीक रूप, प्रार्थनास्थळात हिब्रू.

मराठीत या नावाचा अभ्यास झालेला नाही म्हटलं तरी चालेल. कुराणाचे अभ्यासक इलियासवर लिहितात, बायबलचे एलीयावर, बेने इस्रायलांवर लिहिणारे मलिद्यावर, आणि तिघे एकमेकांचं वाचत नाहीत. एलोजीची नोंद तर हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासासारख्या मोजक्या पुस्तकांत शोधावी लागते. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल दफनभूमींत हिब्रू आणि मराठी अशा दोन लिपींतले दगड आहेत. एकाच माणसाचं नाव दोन्ही भाषांत कसं लिहिलं गेलं, याचा असा जोडपुरावा दुसरीकडे मिळणार नाही. पावसाने अक्षरं झिजताहेत आणि सांभाळणारी घरं बहुतेक लोद, अश्दोद, दिमोनाला गेली. प्रत्येक दगडाचं छायाचित्र, वाचन आणि यादी करण्याचं काम रायगडातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला सहज पेलेल. इस्रायलमध्ये मराठी बोलणारी शेवटची मोठी पिढी अजून आहे, ‘मायबोली’ हे त्यांचं मराठी नियतकालिक तिथे निघालं आहे, आणि आजोबांना घरात एलोजी म्हणत की एलायजा, हे सांगू शकणारी माणसं आज हयात आहेत.